ट्रान्सफरपूर्वी गर्भपिशवीच्या अस्तराची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात तसेच बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांत राहून टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या जोडप्यांना, एक-दोन ट्रान्सफर (म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गर्भपिशवीत सोडणे) अयशस्वी झाल्यानंतर, ‘पुढच्या वेळेआधी अस्तराची तपासणी करून घेऊ’ असे अनेकदा सुचवले जाते. तपासणी खर्चाची असते, तिच्यासाठी एक महिना थांबावे लागते आणि तिच्या नावाभोवती मोठी आशा जमा झालेली असते. ती काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही आणि तिच्याआधी काय तपासून घ्यायला हवे, हे जोडप्यांनी पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे, एवढ्यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत; मात्र त्यांच्यासमोर बसल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यांवरून ठरवता येईल.

अस्तर ‘तयार’ असणे म्हणजे नेमके काय?

पाळी संपल्यानंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भपिशवीचे आतील अस्तर जाड होत जाते. बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढू लागते, अस्तराची वाढ थांबते आणि त्याचे रूप पालटते: ग्रंथींतून स्राव सुटू लागतो, रक्तवाहिन्या वळणदार होतात आणि पेशींचा पृष्ठभाग गर्भाला चिकटू देण्याजोगा होतो. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात ही अवस्था साधारणपणे २० व्या ते २४ व्या दिवसांच्या दरम्यान येते आणि नंतर निघून जाते. आपल्याकडे ज्वारीची पेरणी करणाऱ्या घरांत हे समजावायला फार शब्द लागत नाहीत, कारण वाफसा म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. जमीन चिखल असताना पेरून चालत नाही आणि ओल उडून गेल्यावरही चालत नाही. मधले मोजके दिवस साधावे लागतात. अस्तराच्या ग्रहणक्षमतेची तपासणी हा वाफसा कोणत्या तासाला येतो हे शोधण्याचा प्रयत्न आहे.

सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर आले आणि डॉक्टरांनी ‘छान आहे’ असे सांगितले. मग वेगळ्या तपासणीची गरज का भासते?

सोनोग्राफीत अस्तराची जाडी आणि त्याचे तीन पदर दिसतात. पेशींच्या आत कोणती जनुके काम करू लागली आहेत हे तीत दिसत नाही. जाडी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर गर्भ रुजण्याची शक्यता काहीशी घटते, असा अनुभव आहे. तरीही त्याहून पातळ अस्तरावर गर्भ राहिलेल्या स्त्रिया आहेत आणि उत्तम जाडी असूनही न राहिलेल्या स्त्रियाही आहेत. त्यामुळे ७ हा आकडा पार केला म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झालो, असे समजू नये. त्याचप्रमाणे ६.८ आला म्हणून रात्रभर रडतही बसू नये. एवढा फरक सोनोग्राफी करणारा हात बदलला तरी पडू शकतो.

ही तपासणी कशी केली जाते?

सर्वाधिक परिचित असलेली तपासणी ‘इआरए’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी एक सरावाचे चक्र घेतात, ज्याला दवाखान्यात ‘मॉक सायकल’ म्हणतात. ट्रान्सफरच्या वेळी जी औषधे द्यायची आहेत तीच, त्याच प्रमाणात आणि त्याच क्रमाने द्यायची. फक्त शेवटी गर्भ आत सोडायचा नाही. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात, अस्तर पुरेसे वाढल्याचे सोनोग्राफीत दिसल्यावर प्रोजेस्टेरॉन सुरू होते आणि त्यानंतर सुमारे १२० तासांनी अस्तराचा बारीक तुकडा घेतला जातो. दहा तारखेला सकाळी दहा वाजता प्रोजेस्टेरॉनची पहिली मात्रा घेतली, तर तुकडा पंधरा तारखेला सकाळी दहाच्या आसपास घ्यायचा असतो. सगळा हिशेब तासांचा असल्यामुळे पहिल्या मात्रेची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि एखादी मात्रा चुकल्यास ती लपवू नये. चुकलेली मात्रा सांगितली तर फार तर चक्र पुन्हा घ्यावे लागेल. लपवली तर चुकीच्या अहवालावर खरा गर्भ आत सोडला जाईल.

घेतलेला तुकडा विशेष द्रावणात, थंड ठेवून, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला जातो. तिथे त्यातील दोनशेहून अधिक जनुकांची हालचाल मोजतात. अहवाल यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, त्यामुळे त्या दिवसांत नमुना कसा पाठवणार आणि वाहतुकीत खराब झाल्यास पुन्हा तपासणीचा खर्च कोण करणार, हे आधीच विचारलेले बरे.

तुकडा घेताना फार दुखते का? भूल द्यावी लागते का?

बहुतेक वेळा भूल लागत नाही. बारीक लवचीक नळी आत घालून हे काम काही मिनिटांत होते. पाळीत येते तशी, काही जणींना त्याहून तीव्र, कळ येते आणि एक-दोन दिवस थोडे रक्त जाऊ शकते. जंतुसंसर्ग क्वचित होतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

अहवालात काय लिहिलेले असते?

त्या वेळी अस्तर ग्रहणक्षम होते, अजून व्हायचे होते की होऊन गेले होते, यांपैकी एक निष्कर्ष असतो. ‘अजून व्हायचे होते’ असे आल्यास प्रोजेस्टेरॉन आणखी १२ किंवा २४ तास देऊन मग ट्रान्सफर करावे, असा सल्ला दिला जातो. ‘होऊन गेले’ असल्यास तेवढे तास आधी. गर्भ कोणत्या दिवशीचा गोठवला आहे याच्याशी या वेळेचा मेळ घालावा लागतो, म्हणून आपला गर्भ तिसऱ्या दिवसाचा आहे की पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट आहे, हे प्रत्येक स्त्रीला माहीत असायला हवे. या अहवालाला अस्तराचा कायमचा जन्मदाखला मात्र समजू नये. एकाच स्त्रीची तपासणी दुसऱ्या महिन्यात केल्यास प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळेल का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

ही तपासणी केल्याने मूल होण्याची शक्यता वाढते का?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जोडप्याला स्पष्टपणे मिळायला हवे, म्हणून ते थोडे मागे जाऊन देत आहोत. अस्तराचा तुकडा पाहून त्याचा ‘दिवस’ ओळखण्याची कल्पना नवी नाही. १९५० मध्ये नॉयेस, हर्टिग आणि रॉक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराचे वय ठरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची पन्नास वर्षे जगभर ती वापरली गेली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की या पद्धतीने मूल असलेल्या आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांच्या अस्तरांत फरक करता येत नाही. इतका काळ केल्या गेलेल्या तपासणीचा उपयोग असा तोकडा ठरला.

त्यानंतर २०११ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी २३८ जनुकांवर आधारलेली इआरए तपासणी मांडली. २०१३ मध्ये त्यांच्याच एका छोट्या अभ्यासात, वारंवार ट्रान्सफर फसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे चौघींमागे एकीची वेळ सरकलेली आढळली. या निष्कर्षाने मोठी आशा निर्माण केली आणि ती स्वाभाविक होती. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते: एका गटात इआरएने सुचवलेल्या वेळेनुसार ट्रान्सफर केले, दुसऱ्यात नेहमीच्या ठरलेल्या वेळी. सर्व गर्भ गुणसूत्रांच्या दृष्टीने निर्दोष असल्याची खात्री आधीच करून घेतलेली होती. तपासणीने सुचवलेल्या वेळेच्या गटात ५८.५ टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, तर नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा नसल्यामुळे तपासणीने नुकसान झाले असे म्हणता येत नाही; फायदा दिसला नाही, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते. युरोपातील वंध्यत्व उपचार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ च्या आपल्या शिफारशींत अशा तपासण्या नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून सुचवलेल्या नाहीत.

म्हणून पहिल्या ट्रान्सफरपूर्वी कुणी ही तपासणी ‘पॅकेज’मध्ये घालून देत असेल, तर ती का हवी हे विचारावे आणि नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. आमचे मत असे आहे, की पहिल्या वेळी तिच्यासाठी कर्ज काढू नये आणि दागिना गहाण ठेवू नये. ते पैसे दुसऱ्या ट्रान्सफरला उपयोगी पडू शकतात.

मग माझे तीन ट्रान्सफर फसल्यावरही डॉक्टर ती का सुचवत आहेत?

वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीत वारंवार अपयश आलेल्या स्त्रिया नव्हत्या, त्यामुळे तिचा निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. उत्तम प्रतीचे गर्भ सोडूनही तीन वेळा काही रुजले नाही आणि बाकी सर्व कारणे तपासून झाली असतील, तर एखाद्या स्त्रीच्या बाबतीत वेळ सरकलेली असू शकते, असा विचार करणारा डॉक्टर अवाजवी बोलत आहे असे नाही. मात्र ‘बाकी सर्व कारणे तपासून झाली असतील’ ही अट महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच घाईत गळून जाते.

त्याआधी काय काय तपासलेले असावे?

सर्वांत आधी गर्भाचा विचार करावा. वाफसा साधला तरी बियाणे किडके असेल तर उगवण होत नाही. ट्रान्सफर फसण्याचे सर्वांत मोठे एकच कारण गर्भातील गुणसूत्रांचा दोष हे आहे आणि स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे सरकते तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. गर्भाची प्रत काय होती, तो कितव्या दिवशी गोठवला आणि वितळवल्यावर सुस्थितीत होता का, याची नोंद मागून घ्यावी.

त्यानंतर गर्भपिशवीची पोकळी. मस्सा (पॉलिप), पोकळीत डोकावणारी फायब्रॉइडची गाठ, मधला पडदा, किंवा पूर्वी ‘पिशवी धुतल्या’मुळे आतील भिंती एकमेकींना चिकटणे, यांपैकी काही असल्यास दुर्बिणीने पाहून त्याच वेळी काढता येते. दुर्लक्षित राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाणी भरलेली गर्भनलिका. नलिकेच्या टोकाला साठलेले पाणी मागे पिशवीत झिरपते आणि यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर आणू शकते. अशी नलिका सोनोग्राफीत दिसत असेल, तर ट्रान्सफरपूर्वी ती काढणे किंवा बंद करणे याविषयी आधी बोलावे, कारण या उपायाचा फायदा सिद्ध झालेला आहे. थायरॉइड आणि साखर यांची साधी रक्ततपासणीही राहून गेलेली नसावी.

आणखी एक तपासणी स्वस्त असूनही अनेकदा होत नाही: रक्तातील प्रोजेस्टेरॉनची. गोळ्यांवर तयार केलेल्या चक्रात स्त्रीच्या बीजांडकोशातून प्रोजेस्टेरॉन येत नाही. ते सारे औषधातूनच मिळते आणि प्रत्येकीच्या शरीरात ते सारखे शोषले जात नाही. ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातील पातळी साधारण १० नॅनोग्राम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास अनेक तज्ज्ञ इंजेक्शनची जोड देतात. जनुकांची तपासणी करण्यापूर्वी ही पातळी एकदा पाहून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

अस्तराला ओरखडे काढले की गर्भ चांगला रुजतो, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत ओरखडे काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही गटांत बाळ होण्याचे प्रमाण २६.१ टक्केच निघाले.

अस्तराच्या टीबीची तपासणी करावी असे सांगतात. आमच्या घरात कुणालाच टीबी नाही.

गर्भपिशवीचा आणि नलिकांचा टीबी खोकल्याशिवाय, तापाशिवाय आणि घरात कुणालाही नसताना असू शकतो. अनेकदा लहानपणी फुप्फुसात शिरलेला जंतू रक्तावाटे नलिकांपर्यंत पोहोचलेला असतो आणि मूल होत नाही हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. त्यामुळे अस्तराचा तुकडा घ्यायचाच असेल, तर आपल्या देशात ही शंका त्याच वेळी निरसून घेणे रास्त आहे. नलिका जवळजवळ नेहमीच बाधित होतात. अस्तर मात्र दर महिन्याला गळून पडत असल्यामुळे त्यात जंतू थोडे सापडतात, म्हणून तुकडा पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घेतलेला अधिक उपयोगी पडतो.

येथे एक व्यावहारिक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती चुकल्यामुळे स्त्रियांना पुन्हा तुकडा द्यावा लागलेला आम्ही पाहिला आहे. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी तुकडा फॉर्मलीनमध्ये ठेवतात; पण फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) वेगळा तुकडा साध्या सलाईनमध्ये लागतो; आणि इआरएचे द्रावण या दोन्हींहून वेगळे असते. तीनही बाटल्या आधीच तयार ठेवल्या तर एकाच वेळी काम होऊ शकते, म्हणून त्या दिवसाआधीच डॉक्टरांकडे तशी चौकशी करावी.

केवळ पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून टीबी आहेच असे धरून चालत नाही, कारण ही तपासणी मृत जंतूंच्या अवशेषांनाही प्रतिसाद देते. कल्चर, सूक्ष्मदर्शकाचा अहवाल, दुर्बिणीत दिसलेल्या खुणा यांचा एकत्र विचार करून औषधे सुरू करायची की नाही ते ठरवतात. निदान पक्के झाल्यास सहसा सहा महिने औषधे घ्यावी लागतात आणि ती सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. सहा महिने थांबायला लागणार म्हणून मन खचते, हे समजण्यासारखे आहे. पण टीबी असलेल्या अस्तरावर गर्भ सोडण्यापेक्षा ते थांबणे निःसंशय चांगले.

सरावाच्या चक्रातच घरात पूजा किंवा संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली. पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली तर चालेल का?

चालणार नाही. हा प्रश्न संक्रांतीच्या आणि गणपतीच्या दिवसांत हमखास येतो आणि पुष्कळदा गोळी घेऊन झाल्यावर येतो. पाळी लांबवण्याच्या गोळीत नोरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध असते. ती घेतली की अस्तराचे घड्याळ डॉक्टरांच्या नकळत सुरू होते आणि तपासणीचा सारा हिशेब चुकतो. औषध दुकानात ती सहज मिळते, सासूबाई किंवा नणंद प्रेमाने आणून देतात, आणि ही गोळी औषधांच्या यादीत मोजायची असते हे कुणाच्या लक्षात येत नाही. सण जवळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. चक्र एक महिना पुढे ढकलता येते.

डाळिंबाचा रस, बीट, खजूर यांनी अस्तर वाढते का?

सोलापूर जिल्हा डाळिंबाचा, केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे हा सल्ला आपल्याकडे फार प्रेमाने दिला जातो. डाळिंब उत्तम फळ आहे, ते जरूर खावे. परंतु त्याने अस्तराची जाडी किंवा ग्रहणक्षमता वाढते असे सिद्ध झालेले नाही; मधुमेह असलेल्या स्त्रीने रसाचे मोठे पेले तर मुळीच पिऊ नयेत. तंबाखू आणि मिश्री बंद करणे मात्र पतीपत्नी दोघांसाठीही आवश्यक आहे.

या तपासणीत बाळ मुलगा की मुलगी, हे कळते का?

नाही. तुकडा स्त्रीच्या स्वतःच्या अस्तराचा असतो. गर्भाचे लिंग पाहणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तशी विचारणाही करू नये.

अहवालात ‘अस्तर तयार नव्हते’ असे आले आणि घरचे म्हणतात, दोष सुनेतच आहे. काय सांगावे?

सांगावे की हा अहवाल औषधाची वेळ ठरवण्यासाठी असतो. अस्तराची वेळ बारा तासांनी पुढेमागे असणे हा आजार नाही आणि व्यंगही नाही. गर्भ दोघांच्या बीजांपासून तयार होतो, म्हणून पतीची वीर्यतपासणी झाली आहे का आणि ती अलीकडची आहे का, हेही त्याच बैठकीत विचारावे. शक्य असल्यास सासूबाईंना एकदा दवाखान्यात सोबत आणावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरातील बोलणे बदलल्याची अनेक उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, आणि ज्या घरात ते बदलत नाही तिथे पतीने स्वतः बोलायला हवे.

संमतीपत्र इंग्रजीत आहे. सही करावी का?

समजल्याशिवाय करू नये. २०२१ च्या कायद्यानुसार या उपचारांची केंद्रे नोंदणीकृत असणे आणि उपचारापूर्वी लेखी, समजून दिलेली संमती घेणे बंधनकारक आहे. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे पुष्कळ आहेत. ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत समजावून सांगा, असे म्हणण्यात संकोच नको. अस्तराची तपासणी मुख्य उपचाराच्या संमतीत मिसळलेली असेल, तर तिचा खर्च आणि तिचा हेतू वेगळा लिहून मागावा.

पुण्याला दुसरे मत घ्यायला जाणार आहोत. सोबत काय न्यावे?

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेल्यास त्याच दिवशी परत येता येते, पण एक कागद राहिला तर सगळी फेरी वाया जाते. प्रत्येक ट्रान्सफरचा सारांश, गर्भांचा दर्जा आणि गोठवल्याचा दिवस, दुर्बिणीच्या तपासणीची चित्रफीत किंवा छायाचित्रे, नलिकांच्या एक्स-रेची मूळ फिल्म, टीबीचे सर्व अहवाल, पतीचा वीर्यतपासणी अहवाल आणि इआरए झाली असल्यास तिचा संपूर्ण अहवाल, केवळ शेवटचे पान नव्हे. त्याशिवाय एका वहीत प्रत्येक चक्रातील इस्ट्रोजेनची मात्रा, प्रोजेस्टेरॉन सुरू केल्याची तारीख आणि वेळ, ते गोळीने घेतले की इंजेक्शनने, आणि त्या चक्रात रक्तातील पातळी मोजली होती का, हे लिहून न्यावे. फाइलमध्ये बहुतेक वेळा हीच माहिती सापडत नाही आणि नवा डॉक्टर सर्वांत आधी तीच विचारतो.